जमिनीखालचं गरम पाणी आणि लिथियम: सापडलं असं नक्की कधी म्हणायचं?

चौकस

१८६४ सालची गोष्ट. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये रेडरूथजवळ व्हील क्लिफर्ड नावाची खाण होती. तिच्यात खोलवर, खडकाच्या भेगेतून सुमारे ५० अंशांचं पाणी फुटलं होतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या विल्यम मिलर या रसायनशास्त्रज्ञानं ते तपासलं तेव्हा त्यात लिथियम निघालं, आणि तेही तोवर तपासलेल्या झऱ्यांच्या मानानं कितीतरी जास्त. त्याच वर्षी भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांनी बाथ इथे ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात याचा उल्लेख केला. पुढे काहीच झालं नाही. खाणवाल्यांना ते पाणी म्हणजे डोक्याला ताप होता, ते उपसून टाकत राहिले.

आता त्याच भागात युनायटेड डाउन्स इथे ५,२७५ मीटर लांबीची विहीर खोदली गेली आणि २०२० मध्ये परत बातमी आली की खालच्या गरम पाण्यात लिथियम आहे.

मी बॅटरीच्या बाजूनं या विषयाकडे आलो, भूशास्त्र शिकलेलो नाही. पाण्यात लिथियम येतं कुठून? चार-पाच किलोमीटर खाली काय आहे ते वरून ओळखतात कसं? आणि मला खरा छळणारा प्रश्न हा, की १८६४ मध्ये सापडलं आणि २०२० मध्येही सापडलंच, तर 'सापडलं' म्हणजे नक्की काय झालं?

नीरव

वाचनखूण साठवली. जाणकारांची वाट बघतोय.

अश्मक

पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, बाकीचं इतर सांगतील.

शिलारस थंड होऊन ग्रॅनाइट तयार होताना बहुतेक मूलद्रव्यं फेल्डस्पार, क्वार्ट्झ अशा खनिजांत जागा धरून बसतात. लिथियमला तिथे धड जागा मिळत नाही. ते शेवटपर्यंत उरलेल्या रसात साठत जातं आणि अखेर अभ्रकात शिरतं. कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट २७ ते २९ कोटी वर्षांपूर्वीचा आणि अशा अभ्रकानं भरलेला. वरून मुरलेलं पाणी भ्रंशांच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या जागांच्या, भेगांतून खाली जातं, तापतं, आणि हजारो वर्षं खडकात कोंडून राहिलं की अभ्रकातलं लिथियम हळूहळू ओढून घेतं. पाणी जितकं तापलेलं, तितकं हे काम सोपं.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट पुढची आहे. पाणी वर येताना थंड होतं तेव्हा त्यातली सिलिका खडकावर बसते, कॅल्साइटही बसतं. लिथियम मात्र सहजासहजी परत खनिजात जात नाही. पाण्याबरोबर तसंच वर येतं. त्यामुळे झऱ्याकाठी बसून खालच्या खडकाबद्दल काही बोलता येतं.

पण गरम पाणी दिसलं की लिथियम असणारच, असं समजू नका. आइसलँडमध्ये उकळतं पाणी जागोजाग आहे, पण खडक बेसाल्ट. बहुतेक ठिकाणी लिटरला एक मिलिग्रॅमही भरत नाही. न्यूझीलंडच्या वाइराकेईत १३ च्या आसपास. जर्मनी-फ्रान्सच्या सीमेवरच्या ऱ्हाइन खचदरीत १६० ते २००. कॅलिफोर्नियात सॉल्टन सीच्या काठी साधारण २००. समुद्राच्या पाण्यात ०.१७, म्हणजे तुलना आली लक्षात.

टांकसाळ

चिलीत अटाकामाच्या मिठागरात लिटरला १,५०० मिलिग्रॅमच्या आसपास आहे, तेही जमिनीच्या पृष्ठभागाजवळ. ते सोडून पाच किलोमीटर खाली २०० मिलिग्रॅमसाठी कोण जाईल? मला यात बातम्याच जास्त दिसतात. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी 'पांढरं सोनं' म्हणून ओरडतं आणि मग सगळं शांत होतं.

रेवा

टांकसाळ, पूर्ण असहमत नाही. पण अटाकामातलं पाणी वाळवायला दीड-एक वर्ष लागतं, तळी मैलोन्‌मैल पसरलेली, आणि पाणी उडून जातं ते जगातल्या सगळ्यात कोरड्या वाळवंटातून. तेही हिशेबात धरायला हवं ना?

क्षारा

मी पाण्याच्या विश्लेषणाचं काम करते, सतरा वर्षं झाली. दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. लांबेल.

शोधाची सुरुवात बाटलीपासून होते, आणि अर्धे शोध बाटलीतच बिघडतात. झऱ्यावर पोचल्यावर आधी तापमान, पीएच आणि वाहकता तिथल्या तिथे मोजायची, कारण पाणी गाडीत ठेवून प्रयोगशाळेत येईपर्यंत ते पाणी राहिलेलं नसतं. वायू उडून जातो, लोह तांबूस होऊन तळाशी बसतं. मग सिरिंजला ०.४५ मायक्रॉनची गाळणी लावून पाणी गाळायचं. पाणी सत्तर अंशांचं असेल तर दोन हातमोजे घालूनही सिरिंज धरवत नाही, आणि घाई केली की गाळणी फाटते. एका बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे, ती धातूंसाठी. दुसरी तशीच ठेवायची, ती क्लोराइड-सल्फेटसाठी. तिसरीत पाणी तिथेच शुद्ध पाण्यानं दहापट पातळ करायचं, नाहीतर थंड होताना सिलिका जेलीसारखी गोठते. बाटल्या प्लास्टिकच्या, कारण काचेतून बोरॉन आणि सिलिका पाण्यात उतरतात. आणि एक बाटली निव्वळ शुद्ध पाण्याची, जी सगळा प्रवास आमच्याबरोबर करते. तिला आम्ही कोरी बाटली म्हणतो.

या कोऱ्या बाटलीनं मला एकदा वाचवलं. एका झऱ्याच्या नमुन्यांत अपेक्षेपेक्षा जास्त लिथियम येत होतं, सगळे खूश. मी कोरी बाटली लावली तर तिच्यातही लिथियम! तीन दिवस शोधलं. शेवटी कळलं की आदल्या आठवड्यात मूलद्रव्यं मोजणाऱ्या त्याच आयसीपी यंत्रावर कुणीतरी खडकांचे नमुने चालवले होते. खडक वितळवायला लिथियम मेटाबोरेट वापरतात, आणि ते यंत्राच्या नळ्यांत चिकटून राहिलं होतं. आमच्या झऱ्याचं लिथियम म्हणजे त्या खडकवाल्यांचा उरलासुरला फ्लक्स होता. तेव्हापासून मी आकडा वाचायच्या आधी कोरी बाटली वाचते.

आता झऱ्याच्या पाण्यावरून खालचं कसं ओळखायचं. वर येताना गरम पाण्यात आजूबाजूचं थंड, गोडं भूजल मिसळतं. म्हणजे झऱ्यात १० मिलिग्रॅम आलं तर खाली १० असेल, शंभरही असेल. म्हणून एकाच भागातले जमतील तितके झरे आणि विहिरी तपासून क्लोराइड आणि लिथियमचा आलेख काढायचा. सगळे ठिपके एका सरळ रेषेत आले तर तळाचं पाणी एकच आहे आणि मिसळण कमी-जास्त एवढाच फरक. ती रेषा पुढे वाढवत न्यायची. कुठवर वाढवायची ते तापमान सांगतं, आणि तापमान पुन्हा पाणीच सांगतं. खडक जितका गरम तितकं पाण्यातलं मॅग्नेशियम घटतं आणि लिथियम वाढतं, त्यांच्या गुणोत्तरावरून खोलवरचं तापमान काढता येतं. सोडियम-लिथियमचं असंच गुणोत्तर फूयाक आणि मिशार या दोघांनी १९८१ मध्ये मांडलं. सिलिकेवरूनही निघतं. तिन्ही पद्धती जवळपास एकच तापमान सांगत असतील तर मला झोप लागते. एक २१० म्हणतेय आणि दुसरी ९० म्हणतेय, असं असेल तर मी कुणालाही एक शब्द लिहून देत नाही.

नीरव

क्षाराताई, कोऱ्या बाटलीचा किस्सा फार आवडला. कोरी बाटली हे एखाद्या सदस्याचं नाव व्हायला हवं इथे.

पाणाड्या

क्षाराताईंच्या किश्शाला जोड देतो. मी विंधनाच्या कामावर असतो. रॉडच्या पेचांना जे ग्रीस फासतात ते बऱ्याचदा लिथियमचं ग्रीस असतं! लिटरला २०० मिलिग्रॅमच्या पाण्यात त्यानं काही बिघडत नाही, पण अर्धा-एक मिलिग्रॅमचा फरक शोधताय आणि नमुना रिगवरच्या पोऱ्यानं ग्रीसच्या हातानं भरलाय, तर कल्पना करा. दुसरं म्हणजे विंधनाचा चिखल. भोकात आपणच हजारो लिटर पाणी ओतलेलं असतं, मग वर आलेलं पाणी खालचं की आपलंच? म्हणून चिखलाच्या पाण्यात आधीच खुणेचं रसायन मिसळतात. वर आलेल्या पाण्यात ती खूण जवळपास नाहीशी होईपर्यंत उपसत राहायचं, आणि मगच बाटली भरायची.

टांकसाळ, तुमच्या १,५०० च्या मुद्द्याकडे येतो. मिलिग्रॅम हा अर्धाच आकडा. दुसरा अर्धा म्हणजे सेकंदाला किती लिटर पाणी येतं. गणित करून बघू. सेकंदाला ५० लिटर, लिटरला १८० मिलिग्रॅम. म्हणजे सेकंदाला ९ ग्रॅम. दिवसाला ७७७ किलो. वर्षाला २८४ टन. त्यातलं ९० टक्के हाती लागलं आणि वर्षातले १० टक्के दिवस दुरुस्तीत गेले असं धरलं तर २३० टन लिथियम, लिथियम कार्बोनेटच्या, म्हणजे ते ज्या रूपात विकलं जातं त्याच्या, हिशेबात सव्वाबाराशे टन. एका विजेच्या मोटारीत सहा ते आठ किलो लिथियम धरा. एका विहिरीवर तीसेक हजार गाड्या.

आता तेच पाणी, तेच १८० मिलिग्रॅम, पण भेग अरुंद आहे आणि सेकंदाला पाचच लिटर येतंय. २३ टन. प्रकल्प गुंडाळायचा. म्हणजे लिथियम अगदी तितकंच आणि निकाल उलटा. मी पाण्यात उत्तम लिथियम असलेल्या कोरड्या भोकाजवळ उभा राहिलोय. सात आठवड्यांचं विंधन, तळाशी १७० अंश, आणि पंप लावला तर पाण्याची पातळी तासाभरात गेली खाली. त्या रात्री जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही.

टांकसाळ

हे गणित कुणी आधी असं मांडलं असतं तर मी तो प्रतिसाद लिहिला नसता. पण मग हा पाण्याचा प्रवाह आधी कळत नाही का? एवढी उपकरणं असतात ना?

अश्मक

उपकरणं आहेत, पण प्रत्येकाची नजर वेगळी. भूकंपीय सर्वेक्षणात जमीन हादरवणारे जड ट्रक रस्त्यानं फिरवतात, लहरी परत येतात, त्यावरून खडकाचे थर आणि भ्रंश कुठे आहेत ते दिसतं. भ्रंश दिसतो, पण तो उघडा आहे की क्वार्ट्झनं भरून बुजलाय ते दिसत नाही. मॅग्नेटोटेल्युरिक पद्धतीत जमिनीची विद्युतरोधकता मोजतात. खारं गरम पाणी वीज चांगली वाहतं, त्यामुळे ते उठून दिसतं. पण चिकणमातीचा थरही चांगली वाहतो, तोही तसाच दिसतो. आणि लिथियम तर यातल्या कशालाच दिसत नाही. मीठ दिसतं, ऊब दिसते, भेगेची रेषा दिसते. लिथियम बाटलीतच.

खोलीबरोबर तापमान साधारण किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी वाढतं. ऱ्हाइन खचदरीत फ्रान्सच्या बाजूला सूल्त्झ-सू-फोरे इथे पहिल्या किलोमीटरला जवळजवळ १०० अंशांनी वाढतं. आधी वाटलं होतं तसंच पुढे वाढत जाईल, पण खाली वाढ मंदावली आणि २०० अंशांसाठी पाच किलोमीटर जावं लागलं. कारण वरच्या भागात पाणी भेगांतून वर-खाली फिरतंय आणि उष्णता वर आणून सोडतंय. तिथे काम १९८७ पासून चालू आहे, आणि ते मुळात उष्णतेसाठी. पाण्यात दीडशेच्या वर लिथियम आहे हे अभ्यासकांना केव्हापासून माहीत होतं, फक्त त्या आकड्याकडे कुणी पैशाच्या नजरेनं बघत नव्हतं.

वेदश्री

सगळे तज्ज्ञ बोलतायत, पण भूकंपाबद्दल कुणीच बोलत नाही. जमिनीत पाणी दाबानं सोडलं की हादरे बसतात हे सिद्ध झालंय. जर्मनीत तर एका विहिरीमुळे अख्खं गाव उचललं गेलं, घरांना भेगा पडल्या. बॅटरीसाठी लोकांची घरं पाडायची का?

पाणाड्या

वेदश्रीताई, प्रश्न रास्त आहे, आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी तो टाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला डिसेंबर २००६ मध्ये पाच किलोमीटर खोल विहिरीत दाबानं पाणी सोडलं आणि ३.४ चा धक्का बसला, प्रकल्प बंद झाला. फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गजवळ डिसेंबर २०२० मध्ये साडेतीनच्या आसपासचा बसला, प्रशासनानं काम थांबवलं, आणि थांबवल्यावरही पुढचे काही महिने धक्के येत राहिले. दक्षिण कोरियात पोहांगला नोव्हेंबर २०१७ मध्ये ५.४ चा. तो भू-औष्णिक विहिरींमुळेच सुरू झाला असा निष्कर्ष सरकारनं नेमलेल्या समितीनं २०१९ मध्ये काढला. माणसं जखमी झाली, घरं मोडली.

फक्त दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. तुम्ही म्हणताय ते गाव श्टाउफेन. तिथल्या विहिरी १४० मीटरच्या होत्या, इमारत गरम ठेवण्यासाठीच्या. त्यांनी अॅनहायड्राइट या खनिजाच्या थरात पाणी शिरू दिलं, अॅनहायड्राइटचं जिप्सम झालं, फुगलं आणि जमीन उचलली. ती चूक खडक न ओळखण्याची. बाझल आणि पोहांगमध्ये खडक फोडण्यासाठी मुद्दाम दाब दिला होता. नैसर्गिक भेग असेल आणि उपसलेलं पाणी कमी दाबानं त्याच थरात परत सोडलं तर धोका कमी होतो. शून्य होत नाही. ज्या प्रकल्पावर हादरे मोजणारी जाळी आणि कुठल्या पातळीला काम थांबवायचं याचा लेखी नियम नाही, तिथे मी स्वतः काम घेत नाही.

वेदश्री

धन्यवाद, श्टाउफेनचं माझं चुकलं. पण 'कमी होतो, शून्य होत नाही' हे वाक्य प्रकल्पाच्या माहितीपत्रकात कधी दिसत नाही, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे.

क्षारा

वेदश्री, +१. लोकांना हे आधी सांगायलाच हवं.

मुक्ता_आई

अवांतर: गरम झऱ्यांत लिथियम असेल आणि लिथियम मनाच्या आजारावर देतात, तर झऱ्याचं पाणी पिऊन बरं वाटतं यात तथ्य असेल का? घरात एक जण या गोळ्यांवर आहे म्हणून विचारते.

डॉ_सं

मुक्ताताई, कृपया हे करू नका, करू देऊ नका. लिथियमची मात्रा फार नाजूक असते. रक्तात लिटरला ०.६ ते १.० मिलिमोलच्या आसपास ठेवतात, दीडच्या वर विषारी परिणाम दिसू लागतात. म्हणून तर गोळ्या चालू असताना वरचेवर रक्त तपासतात. झऱ्यात किती आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि सोबत आर्सेनिकही असू शकतं.

इतिहास मात्र आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या अॅल्फ्रेड गॅरॉड यांनी संधिवाताच्या एका प्रकारावर, गाउटवर, लिथियमचे क्षार सुचवले आणि 'लिथिया वॉटर' म्हणून खनिज पाण्याच्या बाटल्या धडाक्यात खपू लागल्या. १९२९ मध्ये आलेल्या सेव्हन अपच्या मूळ पेयातही लिथियम सायट्रेट होतं. मनोविकारावरचा खरा उपयोग ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवला.

मुक्ता_आई

मनापासून आभार डॉक्टर. शंका मिटली.

अश्मक

झऱ्यांच्या इतिहासाचा विषय निघालाच आहे तर हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८६० मध्ये बुन्सेन आणि किर्शहॉफ यांनी वर्णपटाच्या, म्हणजे ज्योतीच्या प्रकाशातल्या रंगरेषांच्या, मदतीनं सीझियम हे मूलद्रव्य शोधलं, ते जर्मनीतल्या ड्युर्कहाइमच्या खनिज पाण्यात. बुन्सेननं त्यासाठी सुमारे ४४ हजार लिटर पाणी आटवलं आणि हाती आले ते काही ग्रॅम. ते ड्युर्कहाइम ऱ्हाइन खचदरीच्या पश्चिम काठावर आहे. आज ज्या पाण्यात लिथियम शोधतायत त्याच खचदरीच्या काठावर वर्णपटानं पहिलं नवं मूलद्रव्य दाखवलं. लिथियमची लाल रेषा तर त्यांच्या ओळखीचीच होती.

क्षारा

ती लाल रेषा एकदा डोळ्यांनी बघाच. प्लॅटिनमची तार क्षारात बुडवून ज्योतीत धरली की आधी सोडियमचा पिवळा भपका येतो, सगळं झाकून टाकतो. निळी काच डोळ्यांसमोर धरली की पिवळा जातो आणि मागे किरमिजी रंग उरतो. माझ्या भाचीला दाखवलं तर ती म्हणाली, "आत्या, हा रंग पाण्यात लपून बसला होता?" ऱ्हाइनच्या पाण्यात लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास क्षार, त्यात लिथियम ग्रॅमच्या पाचव्या भागाहून कमी. लपून बसणं अगदी बरोबर आहे.

शोषक

इथून पुढचं माझं काम, म्हणून लिहितो. एवढ्या सोडियममधून नेमकं लिथियम उचलायचं कसं? पाणी वाळवायचं नाही, कारण ते परत खाली सोडायचंय. म्हणून गरम पाणी शोषकाच्या, म्हणजे लिथियम धरून ठेवणाऱ्या पदार्थाच्या, टाक्यांतून नेतात. एक जात अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या थरांची. खाऱ्या पाण्यात लिथियम क्लोराइड थरांत शिरतं आणि नंतर जवळजवळ गोड्या पाण्यानं धुतलं की सुटतं. अर्जेंटिनात ओम्ब्रे मुएर्तोच्या मिठागरावर ही पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चालते आहे, म्हणजे जादू नव्हे. दुसरी जात मँगनीज किंवा टायटॅनियमच्या ऑक्साइडची. तिच्यात लिथियम हायड्रोजनच्या जागी बसतं, सोडवायला आम्ल लागतं, आणि प्रत्येक वेळी आम्लानं शोषक थोडा थोडा झिजतो. प्रयोगशाळेत पन्नास आवर्तनं सुरेख जातात. प्रत्यक्ष पाण्यावर हजारो आवर्तनं टिकायला हवीत, आणि तिथेच नावाजलेले पदार्थ गळपटतात.

शोधाच्या टप्प्यावरच हे बघायला हवं, हा माझा आग्रह. सॉल्टन सीचं पाणी ३०० अंशांच्या वर तापलेलं, वजनाच्या पाव भागाहून जास्त क्षार, त्यात लोह, मँगनीज, जस्त, आणि थंड होताच नळ्या बुजवणारी सिलिका. तिथे वीजकेंद्रं चालू असतानाच २००० नंतर जस्त काढायचा कारखाना उभा राहिला आणि २००४ मध्ये बंद पडला. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २०२३ मध्ये तिथला एकूण साठा १.८ कोटी टन लिथियम कार्बोनेटएवढा सांगितला. त्यात आजवरच्या विहिरींवरून नीट माहीत झालेला भाग ४१ लाख टनांचा. लोक पहिला आकडा छापतात, मी दुसरा लिहून ठेवतो. उलट कॉर्नवॉलच्या पाण्यात एकूण क्षार कमी आणि मॅग्नेशियमही कमी. माझ्यासाठी ते पाणी म्हणजे पर्वणी.

ऱ्हाइनच्या विहिरींत तर नळ्यांच्या आत बॅराइट या खनिजाची खपली धरते आणि तिच्यात किरणोत्सारी रेडियम अडकतं. दुरुस्तीला नळी उघडणाऱ्याच्या छातीवर किरणोत्सार मोजणारा मापक लागतो.

रेवा

एक शंका. लिथियम काढलेलं पाणी परत खालीच सोडलं तर काही वर्षांनी आपण आपलंच बिनलिथियमचं पाणी उपसत बसणार नाही का?

पाणाड्या

रेवा, हाच प्रश्न मी प्रत्येक बैठकीत विचारतो! उष्णता आणि लिथियम यांचं इथे जुळत नाही. थंड पाणी खालून जाताना खडकाकडून ऊब परत घेतं, खडकात ती भरपूर साठलेली असते. लिथियम असं चटकन परत मिळत नाही, अभ्रकातून सुटायला फार काळ लागतो. म्हणजे विहिरीतून वाफ तशीच येत राहील आणि लिथियम मात्र वर्षागणिक उतरेल, असं होऊ शकतं. म्हणून परतीच्या विहिरीत खुणेचं रसायन सोडून ते उपशाच्या विहिरीत किती दिवसांनी आणि किती उमटतं ते बघतात. फार लवकर उमटलं तर दोन विहिरींमध्ये सरळ वाट आहे, जागा बदला. उमटलंच नाही तर पाणी भलतीकडे चाललंय, दाब टिकणार नाही. मधलं हवं.

चौकस

दोन दिवस धागा वाचतोय, प्रत्येक प्रतिसाद दोनदा. मला आता वाटतं माझा मूळ प्रश्नच अर्धा होता. मिलर यांच्याकडे बाटली होती आणि आकडाही बरोबर होता. ते पाणी कुठून येतं, खाली किती आहे, उपसलं तर किती वर्षं येईल, हे विचारायचं त्यांना काही कारण नव्हतं. बॅटरी नव्हती, शोषक नव्हता, गाउटच्या बाटल्यांना झरे पुरेसे होते. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये.

मग आजच्या शोधाला 'सापडलं' केव्हा म्हणायचं? क्षाराताई, तुम्ही सही कधी करता?

क्षारा

मी सही फक्त आकड्यावर करते, साठ्यावर नाही. माझ्या कागदावर एवढंच असतं की या दिवशी, या खोलीवरून, खुणेचं रसायन एक टक्क्याच्या खाली आल्यावर भरलेल्या बाटलीत इतकं लिथियम आहे, आणि धन-ऋण प्रभारांचा ताळमेळ पाच टक्क्यांच्या आत आहे. 'सापडलं' हा शब्द मी पाणाड्यांसाठी सोडते. त्यांचा पंप काही महिने चालू दे, आणि मला दर आठवड्याला एक बाटली पाठवू देत. शेवटच्या बाटलीत पहिल्या बाटलीएवढंच आलं तर मी आनंदानं तो शब्द वापरेन.

पाणाड्या

ताई, कबूल. आमची चाचणी पुढच्या महिन्यात सुरू होतेय. बाटल्या प्लास्टिकच्याच पाठवतो, आणि भरणाऱ्याचे हात धुऊन घेतो.

क्षारा

कोरी बाटली विसरू नका.